घामाचा प्रश्न

“मॅडम, तुमच्या तेल्हाऱ्यात ऑलिम्पिकची तयारी चालू आहे का?”

फोनवर आमचे कुलकर्णी सर होते. मूळचे पुण्याचे, नोकरीने दिल्लीचे, त्यामुळे टोमण्याला दोन्हीकडची धार. देशातल्या लोकांनी जास्त हालचाल करावी म्हणून एक राष्ट्रीय धोरण तयार होत होतं. त्यासाठीची मराठी प्रश्नावली माझ्याकडे होती. मी अमरावतीची, सर्व्हेची कामं करण्यात केस पांढरे झालेली.

मोठ्या सर्व्हेआधी आम्ही थोड्या लोकांना प्रश्न विचारून बघतो. त्याला प्रीटेस्ट म्हणतात. परीक्षा लोकांची नसते, प्रश्नांची असते. ती मे महिन्यात झाली. तेल्हाऱ्याची बाजारपेठ आणि वलगावच्या भाजीवाल्या शेतकरी बायका, अशी दोन ठिकाणं. निकाल आला: बाजारपेठ ‘भरपूर हालचाल’, वलगाव ‘अपुरी हालचाल’.

“वलगाव पहिल्या यादीत घातलंय,” सर म्हणाले. “शुक्रवारी फॉर्म छपाईला जातो.”

यादीतल्या गावात बायकांना रोज पहाटे पाच वाजता जमवून तासभर भरभर चालवायचं होतं. हजेरीसकट.

मला ते काही पटेना. सोमवारी अकोल्यामार्गे तेल्हारा गाठलं. ज्या शेठजींचा आकडा सगळ्यात मोठा होता, ते कापसाचे दलाल. गादीवर तक्क्याला टेकले होते. लाइट गेलेली.

“शेठजी, घाम येईल एवढं काम दिवसातून किती वेळ करता?” मी फॉर्ममधला प्रश्न जसाच्या तसा वाचला.

“किती वेळ? अवो मॅडम, सकायपासून निथळून राहिलो.”

“पण काम कोणतं?”

“हे काय, बसलो ना.”

मी पेन खाली ठेवलं. चूक कुणाची हे मला लगेच कळलं. मूळ इंग्रजी प्रश्नात घाम नव्हताच, श्वास जोरात चालतो का असं विचारलं होतं. मी आधी ‘दम लागतो का’ असं केलं होतं. ओळखीतल्या चारपाच जणांना विचारलं, तर उत्तर आलं, “मले दमा नाई जी, शेजारच्या बुढ्याले हाय.” मग मी ‘दम’ काढून ‘घाम’ घातला. सर म्हणाले होते, दम राहू द्या. मी म्हणाले होते, “सर, वऱ्हाड मला माहीत आहे.” तेव्हा फेब्रुवारी होता. गुलाबी थंडीत बसून मी मे महिन्याचा प्रश्न लिहिला होता.

पण वलगावच्या बायकांना घाम का नव्हता? मंगळवारी पहाटे पाचला मी तिथे पोचले. प्रीटेस्टमधल्या कमलाबाईंचं शेत रस्त्यापासून आत होतं. साठीच्या आसपासच्या बाई, वांग्यांनी भरलेलं कॅरेट डोक्यावर. भाजीवाल्यांचा तो प्लॅस्टिकचा खोका.

“काहून आली बाई एवढ्या सकाळी?”

मी कारण सांगितलं. त्या खो खो हसल्या.

“घाम यीन कसा? आमी उन्हाच्या आधी उरकतो. घाम येईपर्यंत वावरात थांबते ते येडं. दुपारी आमी निंबाखाली पडतो.”

पहाटे चारपासून आठपर्यंत तोडणी, वाहणी, पाणी देणं, आणि घाम नाही म्हणून हालचाल नाही. मग मी भीतभीत पहाटेच्या चालण्याचं सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

“पाचले? मंग वांगे कोन तोडीन? गाडी सातले जाते अमरावतीले. मले चालवाले नेसान, अन् माल इथं राहीन.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका शब्दामुळे ही बाई शेतातून उठून हजेरी लावायला जाणार होती. काही तरी करायचं म्हणून मी एक कॅरेट उचललं. डोक्यावर नाही, कमरेवर. धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंतही पोचले नाही.

“ठेव, ठेव खाली!” कमलाबाई म्हणाल्या. “पाह्य, कशी धाप लागली तुले! घामाचं काय इचारतं लोकाइले? धापेचं इचार ना.”

मी तिथेच धुऱ्यावर बसून सरांना फोन लावला. झोपेतून उठले असावेत.

“सर... प्रश्न चुकला... माझाच. छपाई थांबवा.”

“मॅडम, एवढा दम लागलाय तुम्हाला? कुठे आहात?”

“दम नाही, सर. धाप.”

सर म्हणाले, “वऱ्हाड तुम्हाला माहीत आहे ना?”

“होतं, सर.”

छपाई थांबली. वरच्या मीटिंगमध्ये सरांना बोलणी खावी लागली; ती त्यांनी मला सव्याज पोचवली. ‘धाप लागेल एवढं काम’ असा प्रश्न घालून दोन्ही ठिकाणी पुन्हा प्रीटेस्ट झाली. शेठजी ‘अपुरी’त आले आणि चांगलेच रागावले. वलगाव यादीतून निघालं.

ते सांगायला मी पुन्हा कमलाबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म बघितला.

“तुहा फॉर्म भरला का?”

नव्हता भरला. त्यांच्यासमोरच भरला, काही न लपवता. दिवसभर काय करते, या प्रश्नाला उत्तर लिहिलं: खुर्चीत बसून लोकांनी किती हलावं ते ठरवते. धाप: एकदाच, मंगळवारी. निकाल ‘अपुरी हालचाल’.

तेव्हापासून खुर्चीत बसून लिहिलेला प्रश्न मी एकदा तरी उचलून बघते. कमलाबाईंनी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही.

“उद्यापासून ये पाचले,” त्या म्हणाल्या. “कॅरेट हायेतच. हजेरी मी घेईन.”