उंबऱ्यावरचं सहावं बोट

इथले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतोय... पण खरं सांगतो, खोटं पकडायला. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून झाली. गाडीत चढायचं, डोकी मोजायची, तिकिटं मोजायची, आणि आकडा जुळला नाही की खिडकीबाहेर बघत बसलेल्याला आधी धरायचं. संशय हा माझा स्वभावच होऊन बसलाय. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या घंटेलाही तिकीट विचाराल!

आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो – मी आणि शोभा, दोघंच. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिनं एकदम हट्ट धरला, बर्फ बघायचा. तोही मनालीकडचाच. जी बाई धुळ्याच्या थंडीत दोन स्वेटर घालून फिरते तिला बर्फ कशाला हवा? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण मुलीनं चंदीगडहून कॅम्पर व्हॅन भाड्यानं ठरवून दिली. आत पलंग, गॅस, छोटं सिंक, आणि बाजूला एकच सरकतं दार. चालवायला मीच.

तिसऱ्या दिवशी कारण कळलं. कुल्लूच्या पुढे एका ढाब्यावर मी हात धुऊन आलो, तर शोभा मालकाला फोटो दाखवत होती. अरुणचा.

अरुण तिचा धाकटा भाऊ, यावलचा. वडिलांशी भांडून बावीस वर्षांपूर्वी केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून उत्तरेकडे गेला. मनालीहून एकदा फोन आला, आमच्या अहिराणीत "अक्का, आठे बठ्ठा बरफच शे," म्हणजे इथं सगळा बर्फच आहे, म्हणून हसला... आणि त्यानंतर काही नाही. माझ्या मते तो केव्हाच गेला. हे मी शोभाला तोंडावर सांगत आलोय, चारचौघांतसुद्धा. तिला ते कधीच पटलं नाही, आणि यावरून आमची इतकी भांडणं झालीत की विचारू नका. त्या ढाब्यावरही झालंच.

त्यात वाटेतच आखाजी आली. तुम्ही अक्षय तृतीया म्हणता, ती. आमच्या खानदेशात त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, आणि उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन ओल्या कुंकवाचं एकेक बोट, म्हणजे बोटानं एकेक रेघ, ओढतात. जितकी गेलेली माणसं तितकी बोटं. शोभा आमच्या घरची तीन ओढते – माझे आजोबा, वडील, आई. आणि तिच्या आई-वडिलांची दोन, कारण माहेरी करणारं कुणी उरलं नाही. अरुणचं बोट मात्र तिनं कधीच ओढलं नाही. जिवंत माणसाचं बोट ओढत नाहीत.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मनालीपुढचा मोठा बोगदा ओलांडून सिस्सूच्या अलीकडे, वनखात्याच्या एका उद्यानाबाहेर गाडी लावली. रात्रभर बर्फ पडला. सकाळी सात वाजता दार सरकवलं तर देवदारांच्या खाली सगळं पांढरं, एका पाखराच्या पायाचीही खूण नाही. शोभानं धुळ्याहून गोधडीत गुंडाळून आणलेली मातीची घागर मांडली, वर खरबूज, बाजूला घरच्या सांजोऱ्या. दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीला उंबरा मानलं. आत बसूनच तिनं पाच नावं घेतली, पाच बोटं ओढली. मी हात जोडून उभा होतो, आणि सवयीनं मोजत होतो. पाच. मग तिनं कुंकवाची डबी मिटून पिशवीत घातली. थंडीमुळे दार लगेच लावून घेतलं.

जेवलो. मी दाराकडे पाठ करून ताटल्या धुतल्या, ती मागे घड्या घालत होती. पाऊण तासानं दार उघडलं.

सहा बोटं होती.

मी दोनदा मोजली. पाच सुकलेली, सहावं ओलं. पाच आतून बाहेर ओढलेली, सहावं बाहेरून आत. आणि बाहेरचा बर्फ जसाच्या तसा. आम्ही दोघंही त्या सकाळी गाडीतून उतरलोच नव्हतो!

पहिला संशय अर्थातच मला तिचा आला. मी तिचा हात धरून बोट बघितलं. कुंकू होतं, पण कोरडं. तिनं हात हिसकावून घेतला.

"मना भाऊ जित्ता शे," ती म्हणाली. "त्याना नावनं बोट तुम्ही कसं काय वढं?"

"मी हात बी नई लावा, शोभा. हाई देख मना हात."

"ताटल्या धुयात तुम्ही. हात साफच ऱ्हातीन!"

बिनतोड होतं. वाकून, हात बाहेर काढून बोट ओढता आलं असतं, मलाही आणि तिलाही. मी शपथ घेतली, मुलीची घेतली. तिनं ओल्या फडक्यानं ते सहावं बोट पुसून टाकलं आणि गाडी फिरवायला सांगितली.

बर्फामुळे खाली उतरायला दोन दिवस लागले. मी गाडी चालवत डोक्यात सगळं तपासत होतो. कुणी झाडावरून वाकलं असेल का? झाड वीस फुटांवर. डबी सांडली असेल का? सांडलेलं कुंकू नीट रेघ ओढत नाही. बिलासपूरच्या उतारावर ती अचानक बोलली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"माले खरं सांगा. तुम्ही नई वढं, मी नई वढं... मंग कोन वढं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मांडीवर अरुणचा फोटो धरून होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं – तो गेला असेल, हे. जे तिनं मानावं म्हणून मी इतकी वर्षं भांडलो, ते समोर आलं आणि मला बघवेना.

मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, "मीच वढं. चुकनं मनं."

तिनं मला जे जे म्हणून बोलायचं ते बोलून घेतलं. रडली. मग खिडकीची काच खाली करून मोठा श्वास घेतला आणि पुढच्या ढाब्यावर पुन्हा फोटो दाखवायला उतरली.

या गोष्टीला वर्ष झालं. तेव्हापासून मी त्या सकाळचा मिनिटामिनिटाचा हिशोब लावतोय, आणि लागत नाही. ते बोट मी ओढलेलं नाही. तिनंही नाही, एवढं मी तिला ओळखतो. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा... पण माझं नाव शोधून घरी फोन करू नका. शोभाला अजून ते बोट माझंच वाटतं, आणि तिला तसंच वाटत राहू दे.