वकीलकाकांचा काटकोन

अबुधाबीजवळच्या अख्ख्या मुसफ्फात, कारखान्यांच्या त्या वसाहतीत, कुणापुढेही न वाकणारे एकच गृहस्थ होते, आणि त्याचं सगळं श्रेय ते दुखऱ्या मणक्यासाठी बांधलेल्या कमरेच्या पट्ट्याला द्यायचे. कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसत. बाकीचे त्यांना वकीलसाब म्हणायचे, मी वकीलकाका. साताऱ्याच्या कोर्टात त्यांनी काही वर्षं वकिली केली होती. इथे, लोखंडी जिने बनवणाऱ्या आमच्या कंपनीत, ते करारांच्या फायली सांभाळत. काळा कोट मात्र सुटला नव्हता. ऑगस्टच्या दुपारी, चपलेचा तळ रस्त्याला चिकटतो तेव्हाही, तो अंगावर असायचाच. "कोट काढला की मी क्लार्क," ते म्हणायचे.

मी बोलत नाही, म्हणून ते माझ्या शेजारी बसत. माझी शाळा इंग्रजी. मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो. काकांना हे फार सोयीचं होतं. त्यांच्या फोनमध्ये एकच सिनेमा होता, कोरियन. गरीब घरातला एक हुशार सरकारी वकील, त्याला मोठं व्हायचंय, आणि वरचे साहेब एकेक खोटा कागद पुढे सरकवत त्याला वर नेतात. चाळीस मिनिटांच्या प्रवासात तो तीन दिवस पुरायचा. चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. इअरफोनचा एक कान त्यांना, एक मला. शेवटची दहा मिनिटं मात्र त्यांनी कधीच दाखवली नाहीत. "शेवट बघून निकाल कुणीही देईल. तू आधी दे." मग सिनेमा थांबवून उलटतपासणी. "सांग, याच्या जागी तू असतीस तर सही केली असतीस?"

"आय डोन्ट नो, काका."

"नोंद घ्या, साक्षीदार उत्तर टाळते आहे!" हे ड्रायव्हरला उद्देशून. पठाण ड्रायव्हर आरशात बघून म्हणायचा, "खलास, वकीलसाब. बेल्ट लगाओ."

सिनेमात सगळे साहेबांपुढे वाकतात. काका ते वाकणं अंशांत मोजायचे. "हा बघ, तीस. आता बढती मिळाली, साठ. आता सर्वांत मोठा साहेब आला, काटकोन! जितका वाकतोय तितका वर चाललाय." हळूहळू हे मोजमाप ऑफिसात आलं. कँटीनमध्ये डाळभात कालवता कालवता ते जाहीर करायचे, "अकाउंट्स आज पंचेचाळीस." परचेसमधले गृहस्थ मॅनेजरशी फोनवर बोलतानासुद्धा वाकतात, हा शोधही त्यांचाच. आम्ही जाऊन पाहिलं. खरंच वाकत होते. काका स्वतः शून्य. पेन पडलं तर माझ्याकडे बघायचे आणि मी उचलून द्यायचे. "मणका, मुली. मणक्यानं साथ दिली असती तर आज मी जज असतो."

या सगळ्या ताठपणात एकच मऊ जागा होती, ती म्हणजे साताऱ्याला राहिलेल्या काकू. आठ वर्षं काका एका खोलीत चौघांबरोबर राहत होते. फॅमिली व्हिसाला पगार पुरत नव्हता. लीगल मॅनेजरची खुर्ची मिळाली की काकू येणार हे ठरलेलं होतं. इतकं ठरलेलं, की एका रविवारी शारजाला रोल्लाच्या बाजारात जाऊन त्यांनी पोळपाट-लाटणंसुद्धा आणलं. "पस्तीस दिरहम, म्हणजे आठशे रुपये झाले! पण लाकूड बघ." ते कागदात गुंडाळून कॉटखाली राहिलं.

मग वर्कशॉपमधल्या एका वेल्डरचा हात भाजला. त्याला सुरक्षेचं ट्रेनिंग आधीच दिलेलं होतं, चूक त्याचीच, असा मागच्या तारखेचा कागद कंपनीला हवा होता. ट्रेनिंग झालंच नव्हतं. त्याचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं, कोरं. मॅनेजरनं काकांना केबिनमध्ये बोलावून दोन कागद पुढे ठेवले, एक सहीचा आणि एक बढतीचा. विचार करायला एक रात्र दिली.

त्या संध्याकाळी बसमध्ये काकांनी फोन काढलाच नाही. दोन कागदांचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "सांग, माझ्या जागी तू असतीस तर?"

ते थट्टा करत नव्हते. मला कॉटखालचं पोळपाट आठवलं. "आय डोन्ट..." म्हणून मी थांबले. मग मराठीत म्हटलं, "नसती केली, काका."

"हं," ते म्हणाले. "नोंद घेतली." ड्रायव्हरला मात्र सांगितलं नाही.

महिन्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. गल्फमधून साताऱ्याला पोळपाट घेऊन जाणारा पहिला माणूस आपणच, असं ते सगळ्यांना सांगत फिरले. शेवटच्या दिवशी तो वेल्डर गेटवर आला, उजवा हात पट्टीत. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. काकांनी बॅग खाली ठेवली आणि काळ्या कोटासकट वाकले. पूर्ण वाकले. "साब, साब, नहीं," करत तो मागे सरकत होता, आणि काका त्याच्याबरोबर तसेच पुढे सरकत नाडीला दुहेरी गाठ मारत होते.

कमरेला हात लावून ते सरळ झाले तेव्हा चेहरा वेदनेनं लाल होता.

"नव्वद," मी म्हणाले.

"नोंद घ्या," ते म्हणाले.

रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे, कोरंच. ते मागायला मॅनेजरची माणसं दोनदा येऊन गेली. मला 'नाही' म्हणायला वेळ लागतो, पण म्हणते. सिनेमा काका माझ्या फोनमध्ये टाकून गेलेत. बसमध्ये लावते तेव्हा इअरफोनचा एक कान मांडीवर पडून असतो. शेवटची दहा मिनिटं मी अजून पाहिलेली नाहीत. त्या जागी आले की सिनेमा थांबवते आणि थोडा वेळ शेजारच्या सीटकडे बघत राहते. कुणी काही विचारत नाही.