एवढोच, पण होतो

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून मिस्त्री ती आपल्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "एवढोच होतो. पण होतो!"

तुम्ही गळ टाकणारी माणसं पाहिली असतील तर तुम्हाला ठाऊकच आहे, की न मिळालेला मासा दर वर्षी वाढतो. पहिल्या वर्षी वीतभर असतो, तिसऱ्या वर्षी त्याला उचलायला दोन माणसं लागतात. आमच्या मिस्त्रींचा मासा मात्र अखेरपर्यंत वीतभरसुद्धा झाला नाही. तरीही त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि ह्यात माझा हात होता, म्हणून हे लिहितो आहे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला क्लार्क होतो आणि ते टूलरूममध्ये मिस्त्री. कुडाळकडचे, बोलणं मालवणी; त्यांचं 'होतो' म्हणजे आपलं 'होता'. वडील गिरणीत होते, हे मात्र भायखळ्याचं पाणी न लागता थेट घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत वाढलेले. ठेंगणे, पोट पुढे, कानावर पेन्सिल. नुसत्या बोटाने घासून "अजून केसभर काढ" म्हणायचे आणि केसभरच काढायचं असायचं. त्यांनी तपासलेला जॉब दुसरं कुणी तपासत नसे.

एकदा नवीन मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला. डोंगर आहेत असं ऐकून बिचारा मासे धरायची लांबलचक काठी घेऊन आलेला, आणि आमच्या मालकांनी त्याला महिनाभर साकीनाक्यातच राबवलं. संध्याकाळी तो गच्चीवर जाऊन हवेतच दोरी फेकायचा. मिस्त्री बघत उभे राहायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांचं छान जमलं. जाताना तो काठी ह्यांना देऊन गेला.

ह्या काठीला गांडूळ, पीठ काही लावायचं नाही. पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टेकवायची आणि मासा फसतो का ते बघायचं. कोंबडीवाल्याकडून पिसं आणून, मोटर वाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळून मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत माश्या बांधू लागले. गच्चीवर त्यांचा सराव चाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या युनिटच्या दोरीवरची एक चड्डी आणि आमच्या वॉचमनची टोपी धरली. टोपी परत करताना ते म्हणाले, "वजनदार होती रे!"

पुढे शनिवारी अर्धा दिवस भरला, की कल्याणहून एसटी पकडून माळशेजच्या पायथ्याशी जायचं, रविवारी ओढ्यावर काठी फेकायची, असा परिपाठच झाला. आम्ही चौघं. मिस्त्री, मी, पॅकिंगमधला एक जण (त्याचंच ते गाव, त्याच्याच पडवीत आम्ही झोपायचो) आणि स्टोअरमधले माझे मेहुणे. म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. मला नोकरी त्यांनी लावली होती आणि पुढे बायकोही त्यांनीच दिली, त्यामुळे मी त्यांच्यासमोर जोराने शिंकतही नसे.

आता गंमत बघा. डोंगरातल्या ओढ्यांना चांगलं, निवळ पाणी असतं ते श्रावणात. आणि श्रावणात आमच्यापैकी कुणी मासा खाणार नाही. मिस्त्री तर गणपती बोळवल्याशिवाय सुकटीचा वाससुद्धा घेत नसत. मेहुण्यांनी पहिल्याच वेळी विचारलं, "अहो, खायचा नाही तर धरायचा कशाला?"

"गोरो पण सोडून देय रे. धरूक देवाची ना नाय. खाव्क ना आसा."

ह्या शास्त्राने आम्ही दोन श्रावण ओढ्याकाठी पत्ते खेळलो. मासा एकही नाही. मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे, दोरी पुढे-मागे, पुढे-मागे. काठावरून मेहुणे ओरडायचे, "मिस्त्री, माशी हाकलताय की मासा धरताय?"

तिसऱ्या श्रावणात माझं लग्न होऊन जेमतेम दोन महिने होत आले होते. सासुरवाडी मुलुंडची, फार सोवळी. श्रावणात कांदासुद्धा नाही. मी साखरपुड्यातच छाती पुढे काढून सांगून बसलो होतो, "श्रावण मीही कडक पाळतो." पंधरा दिवसांत माझी वाट लागली. कल्याणच्या स्टँडवर मी चार उकडलेली अंडी घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी तांब्या उचलून, पोट धरून, लगबगीने ओढ्याच्या वरच्या अंगाला एका मोठ्या खडकाआड गेलो. तांब्या आमच्यात एकच होता. तो हातात घेतलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही.

तिसरं अंडं तोंडात असताना खाली मिस्त्रींची काठी वाकलेली दिसली. दोरी ताणली गेली, सैल पडली, पुन्हा ताणली. मग त्यांच्या ओंजळीत मासा होता. निळसर पट्ट्यांचा, उन्हात चमचमणारा. "गावलो! गावलो रे!" ते ओरडले. पाण्याच्या आवाजात पत्तेवाल्यांना काही ऐकू गेलं नाही. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं, मासा पाण्यातच धरून ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली. मासा मान टाकू लागला तशी ओंजळ उघडली. पन्नाशीच्या पुढचा तो माणूस नंतर पाण्यात उभा राहून एकटाच हसत होता. मी तोंडात अंडं असल्यामुळे ओरडू शकलो नाही.

मी परतलो तेव्हा झाडाखाली खटला उभा होता.

"फेकू नका ना मिस्त्री!" मेहुणे म्हणत होते. "तांब्यात घालून आणायचा होता."

"तांब्यो खय होतो?"

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मेहुणे म्हणाले, "अरे, तू तिकडेच होतास ना? तू पाहिलास मासा?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न खडकाआड इतका वेळ काय करत होतास हाच होता. मिशीला पिवळा बलक लागला होता की काय, देव जाणे. मी म्हणालो, "नाही बुवा. माझं तोंड दुसरीकडे होतं."

मिस्त्रींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बोटं ताणली आणि म्हणाले, "एवढोच होतो. पण होतो."

सोमवारी सगळ्या कारखान्याला गोष्ट कळली. कुणी रजेचं कारण सांगितलं की "पण होतो!", कुणी पगारवाढ मिळणार म्हणालं की "पण होतो!" मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने हसायचो. एकदा मिस्त्रींनी "झकास, बरोबर आसा" म्हणून पुढे सरकवलेला जॉब एका नव्या सुपरवायझरने डोळा मारून पुन्हा मोजला. मोजमाप तंतोतंत होतं. पण त्या दिवशी मिस्त्री चहाला आले नाहीत. मला समजलं होतं ते का आले नाहीत, आणि तरी मी माझा चहा संपवला. त्यानंतरही ते ओढ्यावर येत राहिले, आणि पुन्हा कधी त्यांची काठी वाकली नाही.

रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांना गच्चीवर गाठलं. ते काठी फडक्यात गुंडाळत होते.

"मिस्त्री, तो मासा मी बघितला होता."

"माका म्हायत आसा."

"कसं काय?"

"वरसून अंड्याची टरफलां व्हावत इली. माझ्या पायाक लागली. आमच्या चौघांत चोरून खाणारो दुसरो कोण?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझो मेवणो समोर बसलेलो. लगीन होऊन दोन म्हयने नाय झालेले तुझा. चेडू म्हायेराक जाऊन बसला असता." ते हसले. "म्हटलंय, मासो काय, परत गावतलो."

"पण परत नाही ना गावला."

"नाय," ते म्हणाले, आणि गाठ बांधू लागले.

ते गावी गेले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचं इनलँड आलं, मिस्त्री गेले म्हणून. कँटीनमध्ये जेवणाची वेळ होती, श्रावणच होता. कुणीतरी हळहळत, पण सवयीने, "पण होतो" म्हणालं आणि दोघं-चौघं हसले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टॉवेल, तांब्या, खडक, अंडी चार. घरी नंतर काय रामायण झालं ते विचारू नका. बायको आठ दिवस मुलुंडला होती.

कँटीनमध्ये कुणी हसलं नाही. मेहुण्यांचा घास हातातच राहिला होता. तो ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "केवढा होता रे?"

मी अंगठा आणि तर्जनी ताणली. बोटं मी जास्त लांबवली नाहीत.

"एवढाच," मी म्हणालो. "पण होता."