कडूबा कॅप्टनचं नाक

गळ्यात तुळशीची माळ, दारू-मटणाला हात नाही, आणि नोकरी काय, तर हॉटेलात कॅप्टनची, म्हणजे पाहुण्यांना वाईन सुचवायची! आता बोला! गंगापूरकडच्या कडूबा काळेला लोक बावीस वर्षं यावरून चिडवत आले. तो म्हणायचा, "पीत नाय म्हणून काय झालं? नाक हाय ना!"

आणि नाक होतंच तसं. लग्नाआधी गुऱ्हाळावर होता, तेव्हा काकवी कधी उतरवायची ते तो नुसत्या वासावरून सांगायचा.

दिवाळीच्या सुमारास हॉटेलात स्पेनची शेरी आली. शेरी म्हणजे द्राक्षाचीच वाईन, पण वरून द्राक्षाचाच कडक अर्क घालून जोर वाढवलेली. कडूबानं चारही प्रकार हुंगले आणि भटारखान्यात खानसामा इलियासभाईसोबत बसून जोड्या लावल्या. इलियासभाईही दारूला शिवत नसत, त्यामुळं वेटरांना हसायला आयतंच निमित्त. हसेनात का! फिनो फिकी नि कोरडी. ती पिंपात खमिराच्या सायीखाली मुरते, म्हणून तिला नानच्या फुगलेल्या पिठाचा वास. ती थंडगार द्यायची, खाऱ्या बदामांबरोबर नाहीतर जायकवाडीच्या तळलेल्या माशाबरोबर. अमोंतियादोला भाजक्या शेंगदाण्यांचा वास, ती मशरूमच्या सूपबरोबर. ओलोरोसो गडद, ती नान-खलियाबरोबर, कारण मटणाच्या मसालेदार रश्श्यापुढं तीच टिकते. पेड्रो हिमेनेझ वाळवलेल्या द्राक्षांची, काळी नि गोड. ती हुंगल्याबरोबर कडूबा ओरडला, "अरे, ही तर आपली काकवी!" ती कुल्फीवर ओतायचं ठरलं.

नवा मॅनेजर शिवराज हुशार, पण लई उतावळा. तो म्हणाला, "काका, चव न घेता कॅप्टन कसले तुम्ही? शुक्रवारी शेंद्र्याच्या कारखान्यातले स्पॅनिश पाहुणे येतायत. माळ काढून एक घोट घेऊन बघा."

"नाय जमणार, सर."

"मग एक जरी चूक झाली, तर सोमवारपासून तुम्ही स्टोअरला."

स्टोअर म्हणजे तळघर. बावीस वर्षं पाहुण्यांसमोर उभा राहिलेला माणूस तिथं ताटं-चमचे मोजत बसणार! कडूबाला ते फार लागलं. घरी बायको भागूबाईनं विचारपूस केली, तरी तो धड जेवला नाही.

शुक्रवारी पाहुणे बसले. शिवराजनं फिनोची बाटली आणून दिली. ती दिवाळीत ट्रेनिंगसाठी फोडलेली, तेव्हापासून महिनाभर बारमध्ये व्हिस्की-रमच्या रांगेत उभी होती. व्हिस्की सहा महिने उघडी राहिली तरी तिला काय होतंय? मग ही तर कडक वाईन, हिलाही काही होणार नाही, असा बारवाल्यांचा हिशेब. सकाळी तेवढी फ्रीजमध्ये ठेवली होती.

कडूबानं ओतायच्या आधी बूच नाकाशी नेलं. पिठाचा वास गायब. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत होता.

"सर, ही विटलीय."

"मी आत्ता चाखलीय. ओता!" शिवराज दातओठ खात म्हणाला.

ओतली असती तर नोकरी शाबूत होती. पण ज्यांच्या देशची वाईन, त्यांनाच विटलेली पाजायची? कडूबानं बाटली खाली ठेवली. "नाय ओतणार. दुसरी फोडा."

शिवराजचा चेहरा लालबुंद झाला. पाहुण्यांतल्या मार्ता नावाच्या इंजिनियर बाईंनी काय झालं ते विचारलं, बाटली मागून घेतली, थोडी ग्लासात ओतून हुंगली आणि ग्लास दूर सारला. त्या शेरीच्याच गावच्या निघाल्या! म्हणाल्या, "हे बरोबर सांगतायत. फिनो उघडली की आठवड्यात संपवायची." मग दुसरी बाटली बर्फाच्या बादलीतून आली.

खलिया झाला, कुल्फी झाली. मार्ताबाईंनी एक ग्लास भरून कडूबापुढं केला. त्यानं माळेला हात लावला. "माफ करा, मॅडम. मी आयुष्यात कधी चाखली नाही."

शिवराजनं डोळेच मिटले.

"मग कळलं कसं?" बाईंनी विचारलं. कडूबानं पिठाचं सांगितलं. त्या उठल्या, तडक भटारखान्यात शिरल्या, इलियासभाईंच्या परातीवर वाकल्या. सरळ झाल्या तेव्हा डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आमच्या घरी शेरीची पिंपं असायची, तिथं अगदी असाच वास यायचा."

सोमवारी कडूबा ड्यूटीच्या यादीपुढं उभा राहिला. स्टोअरच्या रकान्यात त्याचं नाव नव्हतं. मागून शिवराज आला, हातात नुकतीच फोडलेली बाटली. "काका, चुकलं माझं. आजपासून तुम्ही हुंगल्याशिवाय एकही बाटली टेबलावर जाणार नाही."

कडूबानं बाटली नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

"सर, जरा दम धरा," तो बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "आत्ता कशाचाच वास येईना."