नांदेड ते निलंगा, एका निळ्या कॅनसह

आधी एक चूक दुरुस्त करते. नांदेडच्या लॉजवरून घाईघाईत लिहिलेल्या टिपणात मी तुम्हाला ठामपणे सांगितलं होतं, की दुष्काळी भागात जाताना आपलं पाणी आपण न्यावं आणि कुणाच्या घरचं पाणी घेऊ नये. यातला पहिला अर्धा बरोबर आहे. दुसरा साफ चूक आहे. ज्यांनी त्याखाली ‘अगदी खरं’ असं लिहिलं, त्यांनी तर पुढचं नक्की वाचावं.

निघायचं कारण साधं होतं. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण वैशाली हिचं निलंग्याला लग्न होतं. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी जात होतं आणि मी वाईची, दाराशी कृष्णा. मला वाटायला लागलं, की मी तिथं पाहुणी म्हणून जाणार म्हणजे कुणाच्या तरी वाट्याचं पाणी पिणार. शिवाय माझी शाळा सहावीपर्यंत घरातच झाली, आत्याकडे. गणित आणि व्याकरणाबरोबर तिनं एक नियम पक्का करून घेतला होता: परक्याच्या घरी काही मागायचं नाही आणि दिलं तरी तीनदा नको म्हणायचं. म्हणून मी दहा लिटरचा निळा कॅन घेतला, तोटीवाला. त्याचं वजन किती होईल हा विचार मात्र पुण्याच्या स्टेशनवर, जिना चढताना आला.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं नांदेड. स्लीपर चालतं, पण उन्हाळ्यात खिडकी मिळाली तर देवाची कृपा. सकाळी उतरले आणि तिथूनच गंमत सुरू झाली. कॅन पाहून रिक्षावाले काका म्हणाले, “तुमचा टँकर चुकला का ताई?” मी प्रामाणिकपणे नाही म्हणाले. ते लॉजपर्यंत हसत होते आणि पोचल्यावर कॅन स्वतः दुसऱ्या मजल्यावर ठेवून आले. लॉज साधा, स्वच्छ, काही शे रुपयांत. जेवायला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जा. तिथं मी कॅनसकट गेले होते. चपला घेणाऱ्या सरदारजींनी एकदा माझ्याकडे, एकदा कॅनकडे पाहिलं आणि चपलांचं एक टोकन दिलं, कॅनचं दुसरं. डाळ, रोटी, खीर, सगळं पोटभर जेवले. त्याच रात्री ते शहाणपणाचं टिपण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची देगलूरची एसटी घेतली. थेट लातूरला जाऊन निलंगा गाठता येतं, पण मला सीमेकडचा मुलूख बघायचा होता. नायगाव, नरसी, मग देगलूर. स्टँडवर गरमागरम भजी खाल्ली. आजूबाजूला मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा भाषा एकाच वाक्यात नांदत होत्या. भज्यांवर पाणी मी माझंच प्यायले. कॅन आता जरा हलका झाला होता आणि मी स्वतःवर खूष होते.

देगलूरहून उदगीरच्या गाडीत कंडक्टर बाई होत्या. खाकी साडी, केसात अबोलीची फुलं, आवाज थेट ड्रायव्हरपर्यंत पोचणारा. नाव संघमित्राताई.

“हे काय घेऊन राहिली?”

“पाणी.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“एवढं? उंट हायस का ग?” सगळी गाडी हसली. मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी दोन्ही सांगितलं. त्यांनी एकदा मान हलवली आणि माझा कॅन ड्रायव्हरच्या मागच्या जागेत नीट टेकवून ठेवला.

माझ्या पुढच्या बाकावर जिल्ह्याचं भांडण चाललं होतं. एक देगलूरचे धोतरवाले काका, एक उदगीरचे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. उदगीर नवा जिल्हा होणार ही बातमी त्या भागात दर काही महिन्यांनी उठते म्हणे.

“उदगीर जिल्हा झाला की तुमचं देगलूर आमच्यात,” पोस्टवाले म्हणाले.

“कामून? आम्ही काय तुमच्या आजोळचे हावोत? नांदेडातच बरे आम्ही.”

“नांदेड लांब पडतंय तुम्हाला.”

“लांब हाय, पण आपलं हाय.”

“जिल्हा होऊ द्या नाहीतर न्हाई,” संघमित्राताई तिकीट फाडत म्हणाल्या, “गाडी चालू राहिली म्हंजे मिळवलं.”

पुढच्या चढावर गाडीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि ती थांबली. इंजिन तापलं होतं. ड्रायव्हर खाली उतरले, रेडिएटर बघितला आणि म्हणाले, “पाऊण तास तरी निवल्याशिवाय हात लावता येत न्हाई.” दुपारचं ऊन, रस्त्याला एक कडुलिंबाचं झाड, आणि पलीकडं दहाबारा घरांची वस्ती. संघमित्राताई मला म्हणाल्या, “चल, ती आमची वस्ती. माझी माय राहती तिथं. झाडाखाली उभी राहून वाळशील.” आणि त्यांनीच कॅन उचलला.

त्यांच्या आईचं नाव कलाबाई. लहानखुऱ्या, नेटक्या. आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्या चकचकीत तांब्या आणि फुलपात्र घेऊन आल्या. “घे माय, पाणी घे.”

मी म्हणाले, “नको.”

“उन्हाचं आलीस, घे की.”

“नको, खरंच नको.”

“थंड हाय, रांजणातलं.”

“नको, माझं आहे माझ्याकडे,” असं म्हणून मी आत्याचा नियम पुरा केला आणि माझ्या कॅनची तोटी उघडली.

कलाबाईंनी तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं. आवाज अगदी बारीक झाला, पण ऐकू आला. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. सवय हाय आम्हाला.” संघमित्राताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आडनाव सांगितलंस तव्हाच कळाय पाहिजे होतं मला.”

तेव्हा कुठे मी भिंतीकडे पाहिलं. बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी शेजारी, खाली ताजी फुलं. माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. मला पुस्तकातून सगळं माहीत होतं, आणि तरी या घरात, या बाईंसमोर, पाणी नाकारण्याचा अर्थ माझ्या डोक्यात आला नव्हता. मी पाण्याचा विचार करत होते. पाणी देणाऱ्या माणसांचा केलाच नव्हता.

मग मी जे बोलले ते एका श्वासात बोलले. दुष्काळ, लातूरची रेल्वे, आत्या, तीनदा नको, नांदेडचं टिपण, आणि मी तसं काही मानत नाही, तसं अजिबात नाही. जितकं जास्त बोलत होते तितकं ते खोटं वाटायला लागलं होतं. शेवटी शब्द संपले, तेव्हा मी तांब्या उचलला आणि प्यायला लागले. एक फुलपात्र, दुसरं, तिसरं. तिसऱ्याला ठसका लागला.

कलाबाईंनी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. “हळू, हळू. विहिरीत न्हाई तेवढं पाणी पिऊन राहिली ही पोरगी.”

संघमित्राताईंनी मात्र अजून मला सोडलेलं नव्हतं. “म्हंजे आम्हाला पाणी न्हाई म्हणून तू आमचं प्यायना?”

“हो.”

“अन् मंग हे दहा लिटर कशापाई तोटी लावून ठेवलंस? आम्हाला दाखवायला?”

याचं उत्तर त्यांनीच शोधलं. त्यांनी कॅन उचलला, झाकण काढलं आणि त्यातलं सगळं पाणी रांजणात ओतलं. मग ओगराळ्यानं रांजण ढवळला, चांगला तळापासून.

“आता काढ तुझं तुझं,” त्या म्हणाल्या.

कलाबाई आधी हसल्या. मग संघमित्राताई. मग मी, आणि माझं हसणं काही थांबेना. तेवढ्यात दारात धोतरवाले काका आले. मागं पोस्टवाले. “आम्हाला बी द्या की पाणी. जिल्हा नंतर ठरवू.” गाडीतले काही जण झाडाखालीच थांबले होते. का, ते मी विचारलं नाही. पण आलेल्यांना रांजण पुरला आणि वर चहाही झाला, ज्यात दूध कमी आणि गूळ भरपूर होता.

गाडी निवली. निघताना कलाबाईंनी रांजणातलं पाणी माझ्या कॅनमध्ये भरलं, अर्ध्यावर. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या म्हणाल्या, “पौर्णिमेला ये. खीर करतो आम्ही.” मी हो म्हणाले, पहिल्याच वेळी.

“बघू,” संघमित्राताई म्हणाल्या. “समदेच हो म्हणतेत. अन् ते तू लिहिलेलं, त्ये बी नीट कर.”

उदगीरला त्यांनी मला निलंग्याच्या गाडीत बसवलं आणि तिथल्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, “ही पोरगी अन् हा कॅन, दोघंबी निलंग्याला.” लग्न झकास झालं. पंगतीत मी प्रत्येक वाढप्याला हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षाही भोगली. परतीला लातूर. चौकाचौकांत घागरींच्या रांगा, माणसांपेक्षा घागरीच जास्त. स्टँडवर एका अनोळखी आजोबांनी कॅन एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या बाजूनं. त्यांनी मला पुण्याच्या गाडीपर्यंत सोडलं आणि नाव न सांगता गेले.

घरी आत्यानं कॅन हलवून पाहिला. “हे कुठलं पाणी?” मी सगळं सांगितलं, भिंतीवरच्या फोटोंसकट. ती म्हणाली, “तीनदा नको म्हणायला मीच शिकवलं तुला. कुठं म्हणायचं नाही ते राहिलं शिकवायचं.” तिनं कॅनमधलं पाणी पातेल्यात ओतलं आणि दोघींचा चहा ठेवला. गुळाचा केला, मी न सांगता.

या प्रवासातून काय उरलं असं विचाराल तर एक अर्धवट गोष्ट उरली आहे. संघमित्राताईंचं ते ‘बघू’. त्यांचं बरोबर आहे. चूक झाली की घाईघाईनं तीन फुलपात्रं कुणीही पितं. बोलावल्यावर परत जाणं वेगळं.

बुद्ध पौर्णिमा येत्या शनिवारी आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं आरक्षण मी केलं आहे. आत्यानं अजून येते म्हटलेलं नाही, फक्त खिरीसाठी गूळ न्यायचा की साखर एवढं विचारलं आहे. कॅन भरून नेणार, आणि पोचल्यावर तो थेट रांजणात रिकामा करणार. शनिवारी दुपारी मी कलाबाईंच्या ओसरीवर असेन.