इंदूअक्कांची संमती

संमतीपत्र हातात आलं की इंदूअक्का ते आधी टेबलावर पालथं घालत. मग समोरच्या संशोधकाला म्हणत, "आता तोंडानं सांगा. काय करणार तुम्ही सही देणाऱ्या बाईला?" मोठमोठे डॉक्टर अडखळत. एकानं कागद उलटून बघायला हात पुढे केला, तेव्हा अक्कांनी त्यावर आपली पर्स ठेवली होती.

आमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीवर त्या होत्या. माणसांवर अभ्यास करायचा तर या कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटीत डॉक्टर किंवा संशोधक नसलेलं एक साधं माणूस असावं लागतं. ते साधं माणूस म्हणजे अक्का. त्यांनी बंगळूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं होतं. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेलं, त्यामुळे घरात मराठी आणि त्या मराठीत कन्नड. मी निपाणीची. परदेशी अभ्यासांची संमतीपत्रं मराठीत आणणं हे माझं काम. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुला पगार कोण देतं ग?"

"संस्था."

"आणि संस्थेला?"

मी एका परदेशी विद्यापीठाचं नाव सांगितलं.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझ्यावरही लक्ष ठेवायला हवं."

मला वाटलं, गंमत करताहेत. त्या गंमत करत नव्हत्या. माझं प्रत्येक भाषांतर त्या घरी कामाला येणाऱ्या बीदरच्या बाईला वाचून दाखवत आणि तिला काय कळलं ते समासात लिहून मला परत पाठवत. मी लिहिलं होतं, 'नमुने पुढील संशोधनासाठी जतन केले जातील.' समासात त्यांच्या शाळेतल्या गोल अक्षरात होतं, 'रक्त ठेवून घेणार. कुठे? किती वर्षं? परत मागितलं तर?' मला उत्तर माहीत नव्हतं. मी विद्यापीठाला विचारलं, तर ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

शहराच्या टोकाला सर्जापूर रोडला इमारती बांधणाऱ्या बायकांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास आला होता. बऱ्याच बायका बेळगाव, बीदरकडच्या, म्हणून संमतीपत्र मराठीत. आठवड्याभरात सगळ्यांच्या सह्या, अंगठे जमा झाले. अभ्यास चालवणारे आमचे डॉक्टर खूश होते. अक्का म्हणाल्या, "एकही बाई नको म्हणाली नाही? मग कुणी विचारलंच नसणार."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन त्या बायकांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी गेल्या. शांता नावाची एक बाई भांडी घासत होती. अक्का तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. "परवा कसला अंगठा दिलास ग?"

"हजेरीचा की. सकाळी मुकादमानं लाइन लावली, रोजच्यासारखा दिला. नंतर सुई टोचली. हजेरीला सुई कशाला, म्हणून इचारणार हुते, पण मुकादम हुता उभा."

परत येताना रिक्षात मी संमतीपत्र पुन्हा चाळलं. त्या कागदावरचं मराठी चांगलं होतं. त्यावर मी आठ दिवस घालवले होते.

कमिटीच्या बैठकीत परदेशी प्राध्यापक पडद्यावर होते. ते सौम्यपणे म्हणाले की त्यांच्या देशातल्या कमिटीनं बारा पानांचं संमतीपत्र मंजूर केलं आहे, यापेक्षा जास्त संरक्षण कुठलं? आमचे डॉक्टर वैतागले होते. "अक्का, ही बारा पानं त्यांच्या वकिलांसाठी असतात. आपल्या लोकांना कागद नको असतो, ते आपल्यावर विश्वास ठेवतात."

"कुणावर? मुकादमावर?"

"मग तुमच्या मते आम्ही दोघंही चूक?" डॉक्टरांनी विचारलं.

"स्वल्प थांबा. ते कागदामागे लपतात, तुम्ही विश्वासामागे. शांतानं कुठे लपायचं?"

जमा झालेलं रक्त बाजूला काढलं गेलं. मुकादमाला दूर ठेवून, एकेका बाईला तिच्या खोलीत बसून पुन्हा विचारलं. बऱ्याच जणी नको म्हणाल्या. शांता हो म्हणाली. डॉक्टर अक्कांशी वर्षभर धड बोलले नाहीत.

गेल्या वर्षी अक्कांच्या पोटात गाठ निघाली. नेहमीची औषधं लागू पडेनात. हेब्बाळकडच्या एका इस्पितळात नव्या औषधाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास चालू होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्यात घ्यायची तयारी दाखवली. अक्कांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. संमतीपत्र मी वाचायला बसले. भाषांतर माझंच होतं.

तिसऱ्या पानावर दोन वाक्यं होती: या औषधाचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही, तुमच्या सहभागाचा उपयोग मुख्यतः पुढच्या रुग्णांना होईल. मला अक्का हव्या होत्या. मी ती दोन वाक्यं गाळून पुढे गेले. आवाजही बदलू दिला नाही.

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "फायद्याचं कलम कुठे गेलं ग?"

मी पानं चाळल्यासारखं केलं.

"नसेल तर कमिटीला कळवायला हवं. असेल तर तू गाळलंस."

"मी तुमच्यासाठी..."

"सगळे असंच म्हणतात." त्या चिडल्या नव्हत्या. जुन्या ओळखीचं काहीतरी दिसावं तशा माझ्याकडे बघत होत्या. "वाच आता."

मी वाचलं. त्यांनी ती दोन वाक्यं मला पुन्हा वाचायला लावली. मग पाणी मागितलं.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा अक्का म्हणाल्या, "नको."

"आजी, काही कारण? काही भीती वाटते का?"

"कारण द्यावं लागत नाही. चौथ्या पानावर आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यानंतर अक्का सहा आठवडे होत्या. मी रोज जात असे. त्या पेपर वाचून घेत, आणि मी एखादी बातमी भरभर वाचली की म्हणत, "सगळं वाचलंस ना?" त्या औषधानं काय झालं असतं, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणूनच तर अभ्यास होता. पण मी पहिल्यांदाच सगळं वाचलं असतं, तर त्या हो म्हणाल्या असत्या का? त्यांनी औषध नाकारलं, की ज्या आवाजात ते त्यांच्यापर्यंत आलं तो आवाज? रोज त्यांच्या पलंगाशी बसून मी हे विचारायचं ठरवत असे आणि पेपर उघडत असे. त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि ते मागायचा हक्क मी तिसऱ्या पानावर घालवून बसले होते.