चुकीचा विमा

अंबडच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा आमच्या वस्तीतला तो पहिला काळा कोट होता. वडील कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. त्यांना वाटायचं, परीक्षा पास झाली की पोरगा दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहतो. तसं नसतं. कुणीतरी जुन्या वकिलानं आपल्या ऑफिसात जागा द्यावी लागते. आडनाव ऐकून तीन ऑफिसांनी मला 'पुढच्या महिन्यात बघू' सांगितलं होतं. चौथ्या ऑफिसातले साहेब मात्र एवढंच म्हणाले, "उद्यापासून ये. टायपिंग येतं ना?"

पुढची आठ वर्षं मी त्यांच्याकडेच होतो. जमिनीच्या दाव्यांत त्यांच्या तोडीचा वकील तालुक्यात नव्हता. विहारात माझा सत्कार झाला त्या दिवशी ते न बोलावता आले, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले आणि जाताना वडिलांना म्हणाले की आता हा माझाच मुलगा समजा. वडिलांनी ते वाक्य जिनिंगवरच्या प्रत्येकाला ऐकवलं.

शहागडची मावशी, सगळे तिला मावशीच म्हणायचे, आमची पक्षकार होती. महामार्गाला लागून तिची ट्रकवाल्यांसाठीची खानावळ होती. जागा तिच्या नवऱ्यानं घेतलेली, पण व्यवहार साध्या स्टॅम्पवर लिहिलेला, रजिस्ट्री झालीच नाही. नवरा गेला, मूळ मालकही गेला, आणि मालकाच्या मुलांनी जागा परत मागत दावा लावला. अंबडला निकाल तिच्या विरोधात गेला. साहेबांनी तिला धीर दिला. हा निकाल वर टिकणार नाही, आपण जालन्याला अपील करू, म्हणाले.

अपिलाला तीस दिवसांची मुदत असते. मी निकालाची नक्कल काढली, दोन दिवस बसून अपील टाइप केलं, त्यावर मावशीची सही घेतली, कोर्ट फीची तिकिटं लावली. साहेबांना गुरुवारी जालन्याला जायचं होतं. "मीच दाखल करतो," म्हणाले आणि कागद माझ्यासमोर बॅगेत ठेवले. मी माझ्या डायरीत त्या तारखेला लिहिलं, 'शहागड अपील साहेबांकडे दिले.' रोज असंच काहीतरी लिहायचो.

मावशी दर महिन्याला यायची. येताना कधी वांगी, कधी गवारीच्या शेंगा आणायची. साहेब तिला अपील चालू असल्याचं सांगायचे, मी पुढच्या महिन्यात यायला सांगायचो आणि ती निवांत मनानं परत जायची.

सातआठ महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी जालन्याच्या कोर्टात गेलो होतो. सहज त्या अपिलाचा नंबर विचारला. कारकुनानं रजिस्टर दोनदा चाळलं. असं अपील आलेलंच नव्हतं.

परत येऊन साहेबांना विचारलं. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि मी टाइप केलेलं अपील बाहेर काढून ठेवलं. तिकिटं तशीच होती. त्या गुरुवारी ते मुलीसाठी स्थळ बघायला गेले होते, कोर्टात गेलेच नव्हते. मग कागद दुसऱ्या कागदांखाली गेले आणि आठवण झाली तेव्हा मुदत उलटून महिना झाला होता.

मी म्हणालो, अजून वेळ गेलेली नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज देऊ, सोबत तुमचं शपथपत्र जोडू की चूक वकिलाची आहे. वकिलाच्या चुकीपायी कोर्ट सहसा पक्षकाराला बुडवत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"इतक्या वर्षांत मी चुकलो असं कोर्टात लिहून दिलं न्हाई," ते म्हणाले. "मी बघतो काय करायचं ते. तू गप राह्य."

मी गप्प राहिलो. यानंतर मावशी दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी तिला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. ते पाप साहेबांच्या खात्यावर टाकता येत नाही.

त्याच सुमारास औरंगाबादहून एक विमा एजंट बाररूममध्ये आला. वकिलाच्या हातून कामात चूक झाली आणि पक्षकारानं भरपाई मागितली तर ती कंपनी देईल, अशी पॉलिसी तो समजावून सांगत होता. ऑफिसातल्या ज्युनिअरची चूकसुद्धा तिच्यात धरलेली होती. सगळे हसले. एक जण म्हणाला, हा विमा काढला की दारावर पाटी लावल्यासारखंच झालं, इथं चुका होतात. साहेबही हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या एजंटाला ऑफिसात बोलावलं.

फॉर्म नेहमीप्रमाणे मीच भरला. त्यात एक प्रश्न होता, की ज्यातून पुढे भरपाईची मागणी येऊ शकेल अशी एखादी चूक तुम्हाला आज ठाऊक आहे काय. मी पेन थांबवलं आणि वर बघितलं.

"न्हाई लिही," साहेब म्हणाले.

मी लिहिलं. मला तेव्हा खरंच वाटलं की ते मावशीची सोय करून ठेवताहेत.

दिवाळीनंतर जागेचा ताबा घ्यायला कोर्टाचा बेलिफ पोलीस घेऊन शहागडला गेला. चुली, बाकडी, पिंप, सगळं रस्त्याच्या कडेला काढलं. मावशी ओळखीच्या ट्रकमध्ये बसून तशीच अंबडला आली. वरच्या कोर्टानंही आपलं ऐकलं नाही, असं साहेबांनी तिला सांगितलं. मी शेजारच्या टेबलावर होतो. ती त्यांच्या पाया पडून गेली. पण तिच्या मनाला ते पटलं नसावं, कारण त्याच आठवड्यात ती जालन्याच्या एका वकीलबाईंना भेटली. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि साहेबांना भरपाईची नोटीस पाठवली.

महिनाभरानं विमा कंपनीचा तपासणी अधिकारी बाररूममध्ये मला शोधत आला. त्यानं साहेबांनी कंपनीला लिहिलेलं पत्र माझ्यासमोर ठेवलं. 'अपील दाखल करायला मी माझ्या ज्युनिअरकडे दिलं होतं, त्यानं दाखल केल्याचं मला वेळोवेळी सांगितलं, खरा प्रकार मला नोटीस आल्यावर कळला,' असं त्यात होतं. ज्युनिअर म्हणून माझं पूर्ण नाव होतं. पत्र आमच्याच मशीनवर टाइप केलेलं होतं. ओळी तिरक्या गेलेल्या, जागोजागी अक्षरावर अक्षर मारलेलं. साहेबांना टायपिंग येत नव्हतं. एकेक अक्षर शोधत, माझ्या खुर्चीत बसून त्यांनी ते कधी केलं असेल, याचाच विचार मी करत राहिलो. अधिकाऱ्याकडे दोन दिवस मागितले.

संध्याकाळी साहेबांच्या घरी गेलो. ते चिडले नाहीत. उलट समजुतीनं बोलले. चूक माझी ठरली तर साहेबांना ती ठाऊक नव्हती असं होतं, मग फॉर्मवरचं उत्तर खोटं ठरत नाही आणि कंपनी मावशीला भरपाई देते. मी खरं सांगितलं तर पॉलिसी रद्द होते आणि मावशीला कंपनीकडून काहीच मिळत नाही. हिशेब बराबर होता.

"माझं नाव तरी कशाला घातलं, साहेब? आधी विचारायचं तरी."

"माझं नाव गेलं तर ऑफिस जातं," ते म्हणाले. "तुझं अजून नाव कुठंय?"

साहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, चहा आणून ठेवला होता. तो तसाच ठेवून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी शहागडला गेलो. मावशीनं कुणाच्या तरी पत्र्याच्या आडोशाला एकच चूल मांडली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"तुम्हाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

मी महिना सांगितला.

"मंग मी दोनदा आल्ते तवा तुम्हाला ठावं होतं."

"हो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मी भरपाईचं सांगितलं. मी चूक माझ्यावर घेतली तर पैसे मिळतील, नाही घेतली तर मिळणार नाहीत, पण खरं लिहून दिलं तर जागेचं अपील कदाचित अजूनही ऐकलं जाईल.

"पैसं घेऊन मी कुठं चूल मांडू?" ती म्हणाली. "मला माझी जागा पायजे. खरं असंल ते लिहून द्या." आणि भाकरी उलटत, माझ्याकडे न बघता, "समद्याच वकिलांचं असं असतं का, का तुमचंच?"

मी अधिकाऱ्याला डायरी दाखवून जबाब दिला. जालन्याच्या वकीलबाईंना शपथपत्र दिलं. दोन्हींत माझं गप्प बसणंही लिहिलं, फॉर्मवरचं 'नाही' माझ्या हातचं आहे हेही लिहिलं. कंपनीनं पॉलिसी रद्द केली. कोर्टानं उशीर माफ करून अपील ऐकायला घेतलं. ते तीनचार वर्षं चाललं आणि शेवटी तडजोडीत मावशीला रस्त्याकडची अर्धी जागा मिळाली. तोवर तिचे नेहमीचे ट्रकवाले वडीगोद्रीकडच्या धाब्यांवर थांबायला लागले होते. तिनं पुन्हा खानावळ उघडली, पण ती पहिल्यासारखी चालली नाही.

बाररूममध्ये माझ्याविषयी एकच बोललं जायचं, खाल्ल्या घरचे वासे मोजले. साहेबांचं ऑफिस सुटल्यावर दोन वर्षं माझ्याकडे फारसं कुणी वकीलपत्र द्यायला आलं नाही. घरी वडिलांना मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले की साहेब त्या दिवशी सतरंजीवर बसले होते ते खोटं नव्हतं. मला वडिलांचा राग आला. अजूनही ते बसणं खरं होतं की खोटं, हे मला ठरवता आलेलं नाही.

साहेबांचं काही बिघडलं नाही. मावशीनं भरपाईचा नाद सोडला होता आणि त्यांची वकिली तशीच चालू राहिली. बऱ्याच वर्षांनी अंबडच्या स्टँडवर ते जालन्याच्या गाडीची वाट बघत उभे दिसले. थकले होते. मला बघून त्यांनी सहज एका निकालाचं विचारलं, मीही सांगितलं. गाडी आली, गर्दी झाली. मी त्यांच्या हातातली बॅग घेतली, आत शिरून खिडकीची जागा धरली आणि त्यांना बसवलं. गाडी गेल्यावर माझं मलाच कळेना, हे मी का केलं. घरी पोचेपर्यंत मी स्वतःवर चिडत चालत राहिलो.